शोधनिबंधातून केसपेपरवर: सिकलसेलची गर्भातली जनुकीय तपासणी रुग्णसेवेत कशी आणायची

पीसीआर हे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र पहिल्यांदा छापून आलं ते डिसेंबर १९८५ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीच्या संशोधकांनी त्या निबंधात नमुन्यादाखल जो आजार घेतला होता, तो होता सिकलसेल, लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारमधल्या आशाताईंना जो तोंडपाठ आहे, तोच. म्हणजे या तंत्राचा जन्मच आपल्या प्रश्नाच्या उत्तरातून झाला म्हणायचा. आज चाळीस वर्षांनी पीसीआरचं यंत्र पदव्युत्तर महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही दिसतं, पण सिकलसेलच्या वाहक (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत बिघाड असलेल्या, स्वतः आजारी नसलेल्या) जोडप्याला गरोदरपणात वेळेत आणि भरवशाचं उत्तर मिळणं अजूनही नशिबावर आहे.

या दोन टोकांच्या मध्ये काय काय येतं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. तुमच्याकडे संशोधन प्रकल्पातून उभी राहिलेली रेणवीय जीवशास्त्राची लॅब आहे, सिकलसेलचं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, तुम्ही हुकमी ओळखता, आणि एक दिवस स्त्रीरोग विभागाच्या मॅडम विचारतात, "आमच्या पेशंटचं करून द्याल का?" अशा वेळी "हो, पाठवा" म्हणायच्या आधी काय काय करावं लागतं, त्याचा हा हिशेब आहे. उदाहरण सिकलसेलचं असलं तरी थॅलेसेमिया, स्नायूंचे आनुवंशिक आजार किंवा कर्करोगाची जनुकं, यांना वाट हीच.

आधी प्रश्न लिहा, यंत्र नंतर

कागदावर एकच वाक्य लिहा: या तपासणीच्या उत्तरावर कोण, काय, कधीपर्यंत ठरवणार आहे? आमचं वाक्य असं होतं: "नवरा-बायको दोघंही वाहक आहेत; गर्भाला सिकलसेल आजार आहे का, हे कळल्यावर गरोदरपण पुढे न्यायचं की नाही हे जोडपं ठरवणार; आणि उत्तर गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्याच्या आत हवं."

हे वाक्य लिहिलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. वेळ ठरते. वारेचा (प्लासेंटाचा) तुकडा ११ ते १३ आठवड्यांत काढतात, म्हणजे लॅबच्या हातात आठ-दहा दिवस. गर्भजल १५-१६ आठवड्यांनंतर काढता येतं, तेव्हा घाई आणखी वाढते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत फक्त ठरावीक गटांतल्या स्त्रियांना, तेही दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे. हे दिवस उलटे मोजत या. तुमची पद्धत कितीही सुंदर असो, ती दर पंधरा दिवसांनी नमुने जमवून एकदम लावणार असाल, तर या कामाची नाही.

याच टप्प्यावर लक्षात येतं की जनुकीय तपासणी ही या साखळीतली पहिली कडी नाही. पहिली कडी म्हणजे जोडप्याची बरोबर चाळणी. गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट, सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक आणि रुग्ण यांत ती फरक करत नाही, आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक तर तिला दिसतच नाही. आई सिकलसेल वाहक, वडिलांची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, म्हणून सगळे निर्धास्त. आणि वडील निघतात थॅलेसेमियाचे वाहक. अशा जोडप्याच्या बाळाला दर गरोदरपणात २५ टक्के शक्यतेने सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो, आणि तो आजार काही सौम्यच असतो असं नाही. म्हणून दोघांचंही एचपीएलसी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) झाल्याशिवाय गर्भाचा नमुना स्वीकारायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावा. त्यात एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ४ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमिया वाहक धरून पुढे चला. काठावरची आकडेवारी असेल आणि रक्तात लोहाची कमतरता असेल, तर तो आकडा खोटा कमी दिसू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

तीन चाळण्या

नवीन तपासणी रुग्णसेवेत घेण्याजोगी आहे का, हे बघायला तीन प्रश्न पुरतात. लॅब डीएनएमधलं हवं ते अक्षर बरोबर वाचते का? वाचलेल्या अक्षराचा आजाराशी पक्का संबंध आहे का? आणि कळल्यावर कुणाला काही करता येतं का? संशोधनातली बरीच जनुकं दुसऱ्या चाळणीतच अडकतात. हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा संबंध समोर बसलेल्या एका माणसाबद्दल फारसं काही सांगत नाही.

सिकलसेल इथे जवळजवळ आदर्श विद्यार्थी आहे. बीटा ग्लोबिन जनुकात एका ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' येतो, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं, आणि दोन्ही प्रतींत हे झालं की आजार होतो. पण इथेही एक मर्यादा आहे. आजार होईल हे सांगता येतं, किती तीव्र होईल हे नाही. भारतातल्या रुग्णांत सहसा अरब-भारतीय हॅप्लोटाइप (जनुकाच्या आजूबाजूला एकत्र येणाऱ्या बदलांचा संच) सापडतो, त्यात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून आजार सौम्य राहतो असं पुस्तकात वाचायला मिळतं. विदर्भातल्या बालरोग वॉर्डात उभं राहिलं की हा दिलासा फार टिकत नाही. तिथे तीव्र आजाराची मुलं भरपूर दिसतात. तेव्हा तीव्रतेबद्दलचं एक अक्षरही अहवालात लिहू नका.

कायद्याची कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चूक झाली तर लॅबला सील लागतं.

गर्भलिंगनिदान प्रतिबंधाचा १९९४ चा कायदा गर्भाच्या जनुकीय तपासणीला सरसकट बंदी घालत नाही; हिमोग्लोबिनचे आजार हे त्यातल्या परवानगी असलेल्या कारणांत स्पष्ट लिहिलेले आहेत. मात्र समुपदेशन केंद्र, नमुना काढणारं क्लिनिक आणि तपासणी करणारी प्रयोगशाळा या प्रत्येकाची नोंदणी लागते. लॅबला प्रत्येक नमुन्याची नोंद फॉर्म ई मध्ये ठेवावी लागते. वार किंवा गर्भजल काढण्याआधीची लेखी संमती फॉर्म जी मध्ये, बाईला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते आणि तिची एक प्रत तिच्या हातात द्यावी लागते. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. "आम्ही फक्त डीएनए तपासतो, सोनोग्राफी मशीन आमच्याकडे नाही" हा युक्तिवाद चालत नाही.

यातली एक खाच बऱ्याच जणांना उशिरा कळते. गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या आहेत का, हे बघायला एसटीआर म्हणजे लघुपुनरावृत्ती खुणांचा संच वापरतात. बाजारात मिळणारे यातले बहुतेक संच न्यायवैद्यक कामासाठी बनलेले असतात आणि त्यांत अमेलोजेनिन ही खूण असते. ती खूण गर्भाचं लिंग सांगते! तुम्ही न विचारता तुमच्या स्क्रीनवर ती माहिती येते. यावर उपाय दोनच: ती खूण नसलेला संच घ्या किंवा स्वतः प्राइमर (पीसीआरमध्ये कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवून पॅनेल बांधा, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये ती खूण कायमची झाकून ठेवा, कुणी झाकली आणि कोण उघडू शकतं याची लेखी कार्यपद्धती करा, आणि छापील आलेखात ती येत नाही याची खात्री करा. तपासणीला आलेले अधिकारी हे विचारतील तेव्हा कपाटातून कागद निघाला पाहिजे.

बाकी थोडक्यात. किटच्या खोक्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं बारीक अक्षरात छापलेलं असेल, तर तो किट आहे तसा रुग्णसेवेत वापरू नका; निदानाचे किट २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना घेतलेले असतात, ती प्रत विक्रेत्याकडून मागून फाइलला लावा. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर मिळते. ती नंतर घेऊ म्हटलंत तरी कामाची मांडणी पहिल्यापासून त्या मानकाप्रमाणेच करा, कारण मागाहून कागद तयार करणं दुप्पट काम असतं. आणि जुन्या संशोधनात सापडलेला निकाल रुग्णाला सांगायची वेळ आली, तर ताजा नमुना घेऊन नव्याने तपासल्याशिवाय सांगू नका. फ्रीजरमधल्या नळीवरचं नाव हा पुरावा नव्हे.

नमुना, आणि नमुन्यावरचं नाव

रक्त जांभळ्या झाकणाच्या म्हणजे ईडीटीए नळीत घ्या. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिन पीसीआरला मारक असतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी महिन्यातून एक हिरवी नळी येतेच.

गर्भाच्या नमुन्याबरोबर आई आणि वडील दोघांचंही ताजं रक्त हवं, त्याशिवाय नळी उघडायची नाही. जोडप्यातलं उत्परिवर्तन तुमच्या लॅबमध्ये आधी दिसलं पाहिजे. दुसऱ्याच्या अहवालावर विसंबून गर्भाची तपासणी करू नये.

नावाचा घोळ मात्र खास आपल्याकडचा आहे. बाईचा आधीचा सिकलसेलचा कागद शाळेतल्या तपासणीतला, माहेरच्या नावाने. आधार कार्डावर कधी माहेरचं, कधी सासरचं नाव. केसपेपरवर तिसरंच, कारण लग्नात नाव बदललेलं. त्यातून एकाच पाड्यावरच्या चार बायकांचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव सारखं असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणून नळीवर किमान दोन ओळखी हव्यात आणि त्यातली एक नावाव्यतिरिक्तची हवी: नोंदणी क्रमांक, किंवा जन्मतारीख खरीच माहीत असेल तर ती. विनंती फॉर्मवर 'माहेरचं पूर्ण नाव' हा रकाना सक्तीचा करा. वडिलांच्या नळीवर वडिलांचं नाव लिहा. 'हजबंड ऑफ अमुक' लिहिलेल्या दोन नळ्या एकाच दिवशी आल्या की काय होतं, ते मी पाहिलं आहे.

वारेचा तुकडा आणि आईच्या पेशी

इथे जरा थांबते, कारण या तपासणीतली सर्वांत घातक चूक इथे होते.

वारेच्या तुकड्याबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचा थोडा भाग येतोच, आणि तो आईचा असतो. तुकडा सलाइनच्या बशीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. वारेच्या पेशींचे पांढरे, फांद्यांसारखे झुबके बारीक चिमट्याने वेगळे करायचे, आणि बिनफांद्यांचा मळकट भाग व रक्ताच्या गुठळ्या काढून टाकायच्या. हे काम पुस्तक वाचून येत नाही. आधीपासून करणाऱ्या लॅबमध्ये जाऊन बसा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था ही या कामातली जुनी जागा आहे, आणि तिचं चंद्रपूरचं केंद्र हिमोग्लोबिनच्या आजारांवरच काम करतं.

आता मिश्रण झालं तर काय होतं ते बघा. आई वाहक आहे, म्हणजे तिच्याकडे एक चांगली आणि एक सिकलची प्रत आहे. गर्भ आजारी आहे, दोन्ही प्रती सिकलच्या. त्यात आईचा डीएनए पुरेसा मिसळला की आईची चांगली प्रत जेलवर (जिथे डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात) फिकी का होईना दिसते, आणि तुम्ही लिहिता: 'गर्भ वाहक आहे, काळजी नको.' आजारी बाळाला निरोगी ठरवणारी चूक ती हीच. उलट्या बाजूने निरोगी गर्भ वाहक दिसला, तर त्याने फारसं बिघडत नाही. म्हणजे चुकाही सारख्या मापाच्या नसतात.

म्हणून गर्भाच्या प्रत्येक नमुन्यात एसटीआर खुणांनी आईचा अंश तपासा. अपवाद करू नका, घाई असली तरी नाही. आणि तुमची पद्धत किती मिश्रण सहन करते, ते स्वतः मोजा: आजारी व्यक्तीच्या डीएनएत वाहकाचा डीएनए १, ५, १०, २० टक्के असा मिसळून लावून बघा, कुठल्या मात्रेपासून फिकी पट्टी दिसायला लागते ते नोंदवा. तुमची स्वीकारायची मर्यादा त्या आकड्याच्या बरीच खाली ठेवा.

बेंचवरची शिस्त

तीन जागा वेगळ्या हव्यात: रसायनं मिसळायची, डीएनए घालायची आणि पीसीआर झालेली नळी उघडायची. खोल्या तीन नसतील तर कोपरे तीन करा, पण प्रवास एकाच दिशेने. एका पीसीआरच्या नळीत त्या तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. झाकण उघडताना उडालेला न दिसणारा तुषार पुढच्या आठवड्याचे सगळे नमुने बिघडवू शकतो.

आमच्याकडे एकदा कोऱ्या नियंत्रकात, म्हणजे ज्या नळीत डीएनए घातलाच नाही तिच्यात, पट्टी येऊ लागली. पाणी बदललं, प्राइमर बदलले, पिपेट धुतले, पंखा बंद करून मे महिन्यात घामाघूम होत काम केलं. अकरा दिवस. शेवटी सापडलं की नळ्यांवर लिहायचा काळा मार्कर लॅबमध्ये एकच होता, आणि तो जेलच्या खोलीतून स्वच्छ खोलीत इमानेइतबारे ये-जा करत होता. तेव्हापासून प्रत्येक खोलीचा मार्कर वेगळ्या रंगाचा असतो आणि तो दोरीने बांधलेला असतो, बँकेतल्या पेनासारखा.

पद्धत निवडताना नव्याचा हव्यास नको. सिकलच्या एका बदलासाठी पुढच्या पिढीचं सिक्वेन्सिंग (डीएनएचे लाखो तुकडे एकदम वाचणं) म्हणजे डास मारायला तोफ. डीडीई-वन हे विकर (डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम) बीटा ग्लोबिनचा चांगला क्रम कापतं, सिकलचा कापत नाही. या एका फरकावर तपासणी उभी राहते आणि खर्चही कमी येतो. पण विकराने काम अर्धवट केलं तर चांगली प्रतही न कापलेली राहते, आणि निरोगी माणूस वाहक दिसतो. म्हणून त्या तुकड्यात विकराची आणखी एखादी, न बदलणारी जागा येईल असे प्राइमर निवडा. ती जागा पूर्ण कापली गेली तरच निकाल वाचा. थॅलेसेमियासाठी भारतात नेहमी भेटणारी पाच-सहा उत्परिवर्तनं आर्म्स-पीसीआर किंवा रिव्हर्स डॉट ब्लॉट या ठरावीक बदलच शोधणाऱ्या पद्धतींनी सापडतात, उरलेल्यांसाठी सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे क्रम एकेक अक्षर करत वाचणं.

गर्भाच्या नमुन्यात मात्र एका पद्धतीवर थांबायचं नाही. प्राइमर जिथे बसतो तिथेच त्या माणसात एखादा निरुपद्रवी बदल असला, तर एक प्रत वाढतच नाही आणि वाहक माणसाच्या दोन्ही प्रती सारख्याच असल्यासारख्या दिसतात. दोन वेगळ्या प्राइमरजोड्या, दोन वेगळी तत्त्वं, शक्य तर दोन वेगळे हात. निकाल जुळले तरच सही.

किती नमुने तपासले म्हणजे पुरे?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि उत्तर बहुधा 'वीस-पंचवीस करू' असं हवेत दिलं जातं. गणित साधं आहे. निकाल माहीत असलेले ५९ नमुने लावले आणि एकही चूक झाली नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की तुमची अचूकता ९५ टक्क्यांच्या वर आहे. बस, एवढंच. ९९ टक्क्यांच्या वर आहे असं म्हणायचं तर सुमारे ३०० नमुने बिनचूक यावे लागतात. पटकन अंदाज काढायचा तर तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा: शून्य चुका असतानाही प्रत्यक्ष चुकीचं प्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकतं. वीस नमुने बिनचूक? मग शंभरात पंधरा चुकांची शक्यता अजून तुम्ही खोडून काढलेली नाही.

त्या तीनशेत सगळे निरोगी भरू नका. निरोगी, वाहक, आजारी, सिकल-थॅलेसेमिया, सगळे हवेत, आणि तपासणाऱ्याला कोणता कुठला हे माहीत नसावं. तेच नमुने वेगळ्या दिवशी, वेगळ्या व्यक्तीकडून, रसायनांच्या वेगळ्या लॉटने पुन्हा लावा. काही नमुने दुसऱ्या लॅबला पाठवा, त्यांचे आपल्याकडे मागवा. परवानाप्राप्त किट घेतला असेल तर हे काम कमी होतं, पण संपत नाही; कंपनीने तिच्या लॅबमध्ये सिद्ध केलेलं तुमच्या विजेवर, तुमच्या पाण्यावर, तुमच्या माणसांच्या हातून खरं ठरतं का, एवढं तरी बघावंच लागतं.

आणखी एक हिशेब डॉक्टरांनाही समजावून सांगा. समजा तपासणी ९९ टक्के संवेदनशील आणि ९९ टक्के विशिष्ट आहे, म्हणजे शंभर आजाऱ्यांतले ९९ आणि शंभर निरोगींतले ९९ ती बरोबर ओळखते. वाहक जोडप्याच्या गर्भात आजाराची शक्यता मुळात २५ टक्के, तेव्हा 'आजार आहे' असं आलेलं उत्तर सुमारे ९७ टक्के वेळा खरं असेल. तीच तपासणी हजारात एकाला आजार असलेल्या लोकसंख्येवर सरसकट लावली, तर 'आजार आहे' म्हटलेल्या अकरा जणांत खरा रुग्ण एक. यंत्र तेच, किट तोच. "आता आलीच आहे तपासणी, तर सगळ्या गरोदर बायकांची करून टाकू" या उत्साहाला हा आकडा दाखवायचा.

न ओळखीचा बदल सापडला तर

सँगरने क्रम वाचायला लागलात की कधी ना कधी असा बदल दिसेल, जो तुमच्या यादीत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०१५ मध्ये दिलेली पाच पायऱ्यांची वर्गवारी आता सगळीकडे वापरतात: नक्की रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, नक्की निरुपद्रवी. मधल्या पायरीवरच्या बदलाच्या आधारे गर्भाबद्दल निर्णय होता कामा नये, हे अहवालात स्पष्ट लिहा. जागतिक माहितीसाठ्यांत भारतीय कमी आहेत, त्यामुळे तिकडे 'अतिदुर्मीळ' असलेला बदल आपल्याकडच्या एखाद्या समाजात घरोघरी असू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांमुळे ही अडचण थोडी कमी होईल.

नावाचा एक सापळा इथेही आहे. सिकलचा बदल जुन्या पद्धतीत 'कोडॉन ६' आणि नव्या पद्धतीत '७ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन' असा लिहितात, कारण नव्या मोजणीत सुरुवातीचं मेथिओनिन धरलेलं असतं. दोन अहवाल हातात घेऊन "याला दोन उत्परिवर्तनं आहेत का?" असं विचारणारे डॉक्टर मला भेटले आहेत. अहवालात दोन्ही नावं द्या.

अहवाल

एक पान. उत्तर पहिल्या ओळीत. 'पॉझिटिव्ह' हा शब्द पूर्ण हद्दपार, कारण सोल्युबिलिटीच्या कागदावर पॉझिटिव्ह लिहिलेली वाहक बाई स्वतःला आयुष्यभर आजारी समजते. आम्ही पुष्कळ खाडाखोड करून जो मजकूर ठरवला तो असा:

"या गर्भात सिकलसेलचं जनुक एका प्रतीत आढळलं. बाळ सिकलसेल वाहक (एएस) असेल. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आईच्या पेशींचं मिश्रण तपासलं, आढळलं नाही. दोन स्वतंत्र पद्धतींचे निकाल जुळले. या तपासणीत फक्त आई-वडिलांत आढळलेली उत्परिवर्तनं पाहिली आहेत. इतर आजारांबद्दल ती काही सांगत नाही. जन्मानंतर बाळाची तपासणी करून घ्यावी."

तांत्रिक तपशील खाली, लहान टाइपात, डॉक्टरांसाठी. मराठी मजकूर वर, मोठ्या टाइपात. आणि निकाल व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही; तो फोन नवऱ्याचा असतो, दिराचा असतो, कधी कधी सरपंचाचा.

समुपदेशन

समुपदेशक नसेल तर तपासणी सुरू करू नका. लॅबचे लोक हे ऐकून मान डोलावतात आणि अंदाजपत्रकात ते पद विसरतात.

नमुना घेण्याआधी चार गोष्टी जोडप्याला कळलेल्या असाव्यात: तपासणी ऐच्छिक आहे, वारेचा तुकडा काढताना गर्भपाताचा धोका शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो, पण शून्य नसतो, उत्तर काहीही आलं तरी पुढे काय करायचं हे त्यांनीच ठरवायचं, आणि क्वचित उत्तर मिळतच नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नये, म्हणून तो रकाना लॅबच्या फॉर्मवरही ठेवा.

'पंचवीस टक्के' हा आकडा ऐकून बहुतेकांना वाटतं की चार मुलांत एक आजारी निघेल, आणि पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. आमची समुपदेशक दोन चिंचोके मधोमध फोडून टेबलावर ठेवते. पांढरी बाजू सिकलची, तपकिरी चांगली. एक तुकडा आईचा, एक बाबाचा. जोडप्याला स्वतः टाकायला सांगते, दहा-बारा वेळा. दोन्ही पांढरे लागोपाठ दोनदा पडले की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. त्यांना कळलेलं असतं.

एक नाजूक गोष्ट आधीच लेखी ठरवा. आई, वडील आणि गर्भ यांच्या खुणा ताडून बघताना कधी कधी दिसतं की सांगितलेले वडील जैविक वडील नाहीत. हे कुणाला सांगायचं, सांगायचं का, अहवालात काय लिहायचं? प्रसंग समोर आल्यावर लॅबच्या दारात उभं राहून हा निर्णय होत नाही. तो आधी नैतिकता समितीपुढे न्या.

चालू करताना

पहिले तीन-चार महिने समांतर चालवा. प्रत्येक नमुना तुमच्याकडे आणि जुन्या, मान्यताप्राप्त लॅबकडेही जावा, आणि सही त्यांचीच चालावी. या काळात मोजायच्या गोष्टी: नमुना मिळाल्यापासून उत्तरापर्यंतचे दिवस, नाकारलेल्या नळ्या, पुन्हा लावावे लागलेले नमुने, दोन लॅबच्या निकालांतली तफावत. एकुलता एक तंत्रज्ञ लग्नाला गेला तर काय, विकराची मुदत संपली तर काय, दिवाळीच्या सुट्टीत फ्रीजर बंद पडला तर फोन कुणाला जाणार, ही यादीही याच काळात लांबत जाते. खर्च काढताना न भरलेल्या पीसीआरच्या खाचा धरा. आठवड्याला दोनच नमुने येत असतील तर नियंत्रकांचा खर्च नमुन्यांपेक्षा जास्त होतो. अशा वेळी शेजारच्या जिल्ह्यांचे नमुने एकत्र करणं किंवा सरळ मोठ्या केंद्राकडे पाठवणं हेच शहाणपणाचं ठरतं. प्रत्येक जिल्ह्यात ही लॅब हवीच असं नाही. प्रत्येक जिल्ह्यात नमुना नीट पाठवणारा माणूस हवा.

नव्या तंत्राबद्दल विचारणा होतच राहील. आईच्या रक्तातूनच गर्भाची तपासणी का नाही, असं लोक विचारतात. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए फिरतो हे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. डाउन सिंड्रोमसारख्या आजारांची चाळणी म्हणून ते तंत्र २०११ च्या सुमारास बाजारात आलं. चौदा वर्षं, तीही भरपूर पैसा मागे असताना. सिकलसेलमध्ये अडचण वेगळी आहे. आई स्वतः वाहक, तिच्या रक्तात तिचीच सिकलची प्रत मुबलक. त्या गर्दीत गर्भाने आईकडून कोणती प्रत घेतली, हे अगदी बारीक फरकावरून ओळखावं लागतं. संशोधनात यावर चांगलं काम चालू आहे, पण आज आपल्या जोडप्यांना त्या भरवशावर ठेवू नये.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. वाहक जोडपी जास्त संख्येने सापडतील आणि गर्भतपासणीची मागणी वाढेल, हे धरूनच क्षमता ठरवा.

रजिस्टरमधला शेवटचा रकाना

तुमची तपासणी खरंच बरोबर होती का, हे कळायला एकच मार्ग आहे: जन्मलेल्या बाळाची तपासणी. नाळेतलं रक्त किंवा टाचेतले थेंब, एचपीएलसी आणि डीएनए. रजिस्टरमध्ये 'बाळाचा निकाल' हा रकाना ठेवा आणि तो रिकामा असलेली प्रत्येक ओळ लाल करा.

पहिल्या वर्षी आमच्या निम्म्याहून अधिक ओळी लाल राहिल्या होत्या. कारण शोधलं तर लॅबशी त्याचा काही संबंध नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी. आम्ही सासरच्या गावच्या आशाताईंना फोन करत होतो आणि बाळ जन्मलं होतं दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात. आता नमुना घेतानाच विचारतो: बाळंतपणाला कुठे जाणार, माहेरचं गाव कोणतं, तिथल्या आशाताईंचा नंबर काय. सातव्या महिन्यात समुपदेशक एक फोन सासरी करते, एक माहेरी, आणि नाळेच्या रक्तासाठी जांभळ्या झाकणाची नळी, नाव लिहून, ओटीच्या सामानाबरोबर बाईच्या पिशवीत जाते.